सारजेसाठी नाव

अरे, गप्प बसता का जरा? मग सांगते. फार फार वर्षांपूर्वी आपल्या या नांदेरीत ठकूआत्या नावाची सुईण होती. तिची दोन लेकरं हगवणीनं गेली. उरली एकच, सारजा. तेव्हापासून ठकूआत्या नदीचं पाणी उकळल्याशिवाय पीत नसे. त्या काळी हे म्हणजे पापच! नदी आपली आई, आईला कुणी चुलीवर चढवतं का? बायका नावं ठेवत. पण ठकूआत्या घरोघरी जाई, रांजणात डोकावे, पोरांचे हात धुवायला लावी, आणि कुणी ऐकलं नाही तर भर अंगणात त्याचा उद्धार करी. शेवटी कंटाळून गाव तिचं ऐकू लागलं, असं म्हणतात.

सारजा पैलतीरी दिलेली. तिथं मात्र कच्चंच पाणी. हिनं उकळायला ठेवलं की सासू चूल विझवायची.

एका उन्हाळ्यात पैलतीरी पटकी आली. माणसं पटापट जाऊ लागली. साथ सरेपर्यंत नाव सोडायची नाही, अशी शपथ ठकूआत्यानंच गावाला घातली. आणि दुसऱ्याच दिवशी पलीकडच्या वाळूत सारजा उभी! कडेवर तान्हं.

"आई, नाव पाठव गं!"

गाव काठावर जमलं. नावाडी म्हणाला, "आत्या, तू म्हण, आत्ता सोडतो."

ठकूआत्यानं मागं पाहिलं. तिच्याच हातावर जन्मलेली पोरं तिथं उभी होती. तिच्यानं 'सोड' म्हणवेना.

ती ओरडली, "सारजे, तिथंच चूल मांड! पाणी उकळून पी गं, बाई!"

पात्र केवढं मोठं, पण ती हाक वाऱ्याला न जुमानता पलीकडे पोचली, असं म्हणतात. तिकडे धूर निघाला. ठकूआत्या काठावरून हलली नाही. ती इतकी रडली, की अलीकडच्या पाण्याला वाफा आल्या, असं म्हणतात. मग एका सकाळी धूर दिसला नाही.

साथ ओसरल्यावर नाव गेली. वाळूत चुलीचे दगड, राख आणि झाकून ठेवलेलं पाणी. सारजा मेली, की जगली, की आईवर रागावून कुठं निघून गेली, कुणाला कळलं नाही. ठकूआत्या मरेपर्यंत काठावर बसून असायची. काय वाटत असेल हो त्या माउलीला! सांगताना मला अजून गलबलून येतं.

त्या साली नांदेरीतलं एकही पोर दगावलं नाही. म्हणून आजही दर उन्हाळ्यात उकळून गार केलेल्या पाण्याचा तांब्या नावेत ठेवतात. नाव पैलतीरी जाऊन घटकाभर थांबते, आणि गावातली सगळ्यात म्हातारी बाई इकडून हाक मारते, "सारजे, नाव पाठवलीय गं. ये आता."

नाव तशीच परत येते. पुढल्या साली पुन्हा पाठवतात.