कोषाचे दार

एकदा एक आवाज एका घरात अचानक थांबला. रेशमाच्या हजारो अळ्या एकदम तुतीचा पाला खाऊ लागल्या, की सुपात ज्वारी हळूहळू ओतावी तशी सळसळ होते; तोच हा आवाज. ते घर आबांचे. आबा हे गावातले सर्वांत वृद्ध आणि जाणते रेशीमवाले. त्यांच्या घरी राहून ही विद्या शिकणाऱ्या शिष्याला त्या सळसळीतच झोप लागायची. एका पहाटे मात्र त्याला शांततेने जाग आली. रोगाने अळ्या पिवळ्या पडून, फुगून मेल्या होत्या. गावात घरोघरी तेच झाले होते. आबा एकेक टोपली परसातल्या खड्ड्यात रिकामी करीत होते.

"आबा, हा रोग मी घालवीन," शिष्य रडत म्हणाला.

"घालव की. आधी तोंड धू."

शिष्य शहरात गेला आणि पुष्कळ शिकला. आईबापांचे गुण लेकरांत ज्या जनुकांतून उतरतात, ती बदलण्याची विद्या त्याने हस्तगत केली. काही वर्षांनी अंड्यांची एक पेटी घेऊन तो परतला. या अंड्यांतून निघणाऱ्या अळीला तो रोग होणार नव्हता.

गावात कुजबुज सुरू झाली. "देवाच्या कामात हात घालायचा म्हणजे काय?"

आबा हसले. "अरे, या अळीचा जो पतंग होतो, तो एके काळी उडत होता. जाड कोषाच्या, म्हणजे जास्त रेशमाच्या लोभाने आपल्याच वाडवडिलांनी निवडून निवडून त्याचं उडणं घालवलं. तेव्हा देव गप्प राहिला. आता एक दुखणं घालवलं तर रागावेल होय?"

तरीही त्यांनी घाई केली नाही. पहिले पीक त्यांनी जाळी लावलेल्या बंद खोलीत काढले. त्या अळ्यांचा पाला आणि विष्ठाही वेगळी पुरली. अळ्या निरोगी निघाल्या, त्यांची पिल्लेही निरोगी निघाली, तेव्हा कुठे गावाला अंडी वाटली. घरोघरी पुन्हा सळसळ सुरू झाली आणि शिष्य कृतार्थ झाला.

ही कीर्ती ऐकून एक व्यापारी आला. तो शिष्याला म्हणाला, "अळी वाचवलीत, उत्तम. आता कोष दुप्पट जाड करा. तुमच्या नावाची प्रयोगशाळा मी बांधून देतो. फक्त आबांनी ही जात आपल्या अळ्यांच्या मांडणीवर वाढवायला घेतली पाहिजे. ते घेतील तेच गाव घेतं."

स्वतःची प्रयोगशाळा हे शिष्याचे स्वप्न होते. त्याने जनुकांत आणखी एक फेरफार केला आणि दुसरी पेटी आणली. आबांनी तीही त्याच बंद खोलीत वाढवली. कोष झाले ते डोळ्यांत न मावणारे.

"आबा, हे कोष आहेत की लग्नातले लाडू?" व्यापारी हातात कोष खेळवीत म्हणाला.

"लाडू खरे. पण आत कुणीतरी आहे हो," आबा म्हणाले.

त्या गावाची एक रीत होती. पिकातले सर्वांत चांगले कोष विकायचे नाहीत, धाग्यासाठी उकळायचेही नाहीत. ते बियाण्यासाठी राखायचे. त्यांतला पतंग कोषाचे टोक ओले करतो, धागे सारतो आणि आपल्या वेळेला आपण बाहेर येतो. आबांनी रीतीप्रमाणे ओंजळभर कोष सुपात मांडले.

"हे नाही फुटणार आबा," शिष्य चाचरत म्हणाला. "भिंत फार जाड आहे. पण बिघडलं कुठे? नाहीतरी बाकीचे आपण उकळतोच. अंडी दर वेळी व्यापारी प्रयोगशाळेत तयार करून देईल."

पतंग निघण्याचे दिवस आले, तसे आबा ओसरीवर बसले. कोष कानाशी धरायचा, आत हालचाल लागली की पात्याने टोकाला हलकी चीर द्यायची आणि ओला पतंग बोटावर घ्यायचा. नर एका टोपलीत, माद्या दुसरीत. जोडी जमू द्यायची नाही, म्हणजे ही जात पुढे वाढणार नाही. एकदा पाते बोटात घुसले, तरी ते थांबले नाहीत.

शिष्याला राहवले नाही. "आबा, ही कसली मेहनत? ज्यांची वीणही धरायची नाही, त्यांना बाहेर काढून काय मिळणार?"

"मिळणार काही नाही, बाळा. पण तो दार शोधतोय ना? दार आपण बुजवलंय, मग उघडायला आपणच बसायला हवं. ज्याला आपण बदललं, त्याचे आपण आईबाप झालो. मी काही संत नाही. आयुष्यभर कोष उकळले मी. पण प्रत्येक पिकातले थोडे तरी आपल्या दाराने बाहेर पडले, म्हणून त्यांचा वंश त्यांच्याकडेच राहिला. पहिल्या पेटीत तू त्याचं दुखणं काढलंस. दुसऱ्या पेटीत त्याचं दार काढलंस. हात तोच, विद्याही तीच. विद्येला मी नावं ठेवत नाही. हात घालण्याआधी एवढंच विचारावं, की यात त्या जिवाचं काय भलं आहे?"

शिष्याने आबांच्या हातातले पाते अलगद काढून घेतले आणि उरलेले कोष एकेक करून स्वतः उघडले. शेवटचा पतंग सुपात चालू लागला, तेव्हा तो उठला. दुसऱ्या पेटीत शिल्लक असलेली सगळी अंडी त्याने चुलीवरच्या उकळत्या पाण्यात ओतली. त्याला वाटले होते, प्रयोगशाळा गेल्याचे दुःख होईल. पण फार दिवसांनी मोकळा श्वास आला.

तेवढ्यात व्यापारी अंगणात आला. "काय मग, आबा हो म्हणाले ना? पायाभरणीचा मुहूर्त काढू?"

शिष्याने रिकामी पेटी त्याच्यापुढे ठेवली, हात जोडले आणि अळ्यांसाठी पाला आणायला तो तुतीच्या बांधावरून चालू लागला.