निर्दोष निवेदन

एकदा एक विद्यार्थिनी पेढ्यांचा पुडा घेऊन आपल्या सरांच्या घरी गेली. सर कुठल्या आश्रमात राहत नव्हते. मिरजेत एका साध्या कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावर त्यांची दोन खोल्यांची जागा होती. भालचंद्र उपळेकर त्यांचे नाव. एका दैनिकात तीस वर्षे उपसंपादक आणि पुढे पत्रकारितेच्या वर्गाला मराठी लेखन शिकवणारे. विद्यार्थिनी शाल्मली माईणकर. ती आता पुण्यात एका बँकेची जनसंपर्क अधिकारी होती. आपल्या हाताला वळण सरांनी लावले, असे ती सगळीकडे सांगत असे आणि ते खरेही होते.

पेढ्यांना कारण होते. बँकेने वर्षापूर्वी नवे ॲप काढले, त्याच्या प्रचाराचा सगळा मजकूर शाल्मलीने लिहिला होता. बंगळुरूच्या एका मोठ्या हॉटेलात तंत्रज्ञान क्षेत्रातल्या मंडळींचे संमेलन झाले, तिथे त्या प्रचाराला पारितोषिक मिळाले. दोन दिवस तिथे कृत्रिम बुद्धिमत्तेवर, 'ग्राहकाच्या अनुभवावर' आणि 'अडथळाविरहित बँकिंग'वर भाषणे झाली. शाल्मलीने ती भारावून ऐकली होती आणि आता तितक्याच उत्साहाने सरांना सांगत होती.

"आणि सर, मागच्या आठवड्यातलं निवेदन वाचलंत का तुम्ही? फसवणुकीच्या प्रकरणाचं? अध्यक्षांनी स्वतः बोलावून कौतुक केलं. म्हणाले, दोन दिवसांत बातमी विझली."

"वाचलं," सर म्हणाले. "व्याकरणाची एकही चूक नाही."

त्यांनी पुडा न उघडता टेबलावर ठेवला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "तुझा फोन काढ. तुमच्या बँकेच्या मदत केंद्राला फोन लाव. आवाज मोठा ठेव. पलीकडून माणूस बोलेपर्यंत ठेवायचा नाही."

"आत्ता? कशासाठी सर?"

"लाव तर."

तिला वाटले, सरांचे काही काम अडले असेल. तिने फोन लावला. आधी संगीत वाजले. मग एक गोड आवाज म्हणाला, 'आपला वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे.' हे वाक्य शाल्मलीचेच होते. तिने हसून सरांकडे पाहिले. सर मात्र उठून खिडकीतल्या तुळशीला पाणी घालायला गेले होते.

मराठीसाठी एक दाबा. खात्यासंबंधी चौकशीसाठी तीन दाबा. पुन्हा संगीत. दर मिनिटाला तोच आवाज, तेच वाक्य. पहिली पाच मिनिटे तिने मजेत घेतली. पंधराव्या मिनिटाला ती अवघडली. विसाव्या मिनिटाला म्हणाली, "सर, मी आमच्या विभागप्रमुखांनाच थेट लावते ना. तुमचं काम लगेच होईल."

"त्यांचा नंबर तुझ्याकडे आहे. बाकीच्यांनी काय करायचं?"

पस्तिसाव्या मिनिटाला आवाज म्हणाला, 'आमचे सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत. कृपया ॲपद्वारे संपर्क साधावा.' आणि फोन बंद झाला. शाल्मली त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिली. एवढ्या वर्षांत तिने स्वतः या क्रमांकावर एकदाही फोन केला नव्हता.

सर समोर येऊन बसले.

"खालच्या मजल्यावर वत्सलाबाई कुंभोजकर राहतात," ते म्हणाले. "सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. रोज सकाळी माझा पेपर वाचायला न्यायच्या आणि दुपारी परत आणून द्यायच्या. गेले अकरा दिवस आल्या नाहीत. काल मी खाली गेलो, तेव्हा कळलं. तुमच्या शाखेतली खिडकी बंद झाली, ॲप वापरा म्हणाले. ते ॲप एक दिवस उघडेना. त्या बाईंनी या खुर्चीत बसून, माझ्यासमोर, आख्खी दुपार हाच आवाज ऐकला. शेवटी भाच्याने सुचवलं म्हणून बँकेच्या फेसबुक पानावर तक्रार लिहिली. खाली स्वतःचा नंबर दिला. दहा मिनिटांत फोन आला."

"बँकेचा?"

"त्यांना तसंच वाटलं. तो म्हणाला, वत्सलाताई, तुम्हाला इतकं ताटकळत ठेवल्याबद्दल आधी माफी मागतो. तुमचं काम होईपर्यंत मी फोन ठेवणार नाही. आणि खरोखरच ठेवला नाही त्याने. एक दुसरं ॲप घ्यायला लावलं, त्यातून त्याला बाईंच्या फोनचा पडदा दिसू लागला. बाईंनी पासवर्ड घातला. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी साठवलेलं सगळं गेलं."

शाल्मलीने हातातला फोन टेबलावर पालथा ठेवला.

"दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पोलिसांकडे निघाल्या होत्या. चपला घातलेल्या होत्या. तेवढ्यात शेजाऱ्यांकडे आलेला पेपर हाती पडला. त्यात तुझं निवेदन होतं. 'काही ग्राहकांच्या निष्काळजीपणामुळे असे प्रकार घडल्याचे निदर्शनास आले असून बँकेची यंत्रणा संपूर्णतः सुरक्षित आहे.' त्यांनी ते दोनदा वाचलं, चपला काढल्या आणि घरात बसल्या."

सरांनी चष्मा काढून हातात घेतला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "चोर तो चोरच. त्याचं पाप तुझ्या माथी मी मारत नाही. पण त्याने काय वेगळं केलं, सांग. त्याने फोन उचलला, नाव घेऊन बोलला, माफी मागितली. हे सगळं तुम्ही जाहिरातीत वर्षभर कबूल करत होता. लोकांना त्या गोड शब्दांची सवय तुम्ही लावलीत आणि प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा तिथे तुमचं कोणी नव्हतं. ती रिकामी जागा त्याने घेतली. आणि यात माझाही हात आहे, शाल्मली. कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये असं वाक्य लिहा, हे मी तुम्हाला घोकून घोकून शिकवलं. ज्याच्यासाठी लिहितो त्याच्या ते काही कामी येईल का, हे विचारायला शिकवायचं राहून गेलं. मी स्वतः अशी कितीतरी निवेदनं, ती आली तशी छापली. कधी कुणाला फोन करून विचारलं नाही."

शाल्मली उठून उभी राहिली. मग शाल्मली म्हणाली, "मला त्यांच्याकडे न्याल?"

वत्सलाबाईंनी दार उघडले. उंच, नीटनेटक्या, कपाळावरचे केस घट्ट मागे बांधलेल्या. गुडघ्यावर हात ठेवत त्या हळूहळू खुर्चीपर्यंत गेल्या. सरांनी सांगितले, ही माझी विद्यार्थिनी, तुमच्या बँकेत असते. ते ऐकताच बाई बसता बसता परत उठल्या.

"माझी चूक झाली हो," त्या घाईने म्हणाल्या. "बँकेचा काही दोष नाही. पेपरात आलंय तसं. मीच निष्काळजीपणा केला."

"काकू, तुम्ही बसा ना."

"पस्तीस वर्षांत माझ्या हातून एक चुकीचं इंजेक्शन गेलं नाही. औषधाची बाटली तीनदा वाचल्याशिवाय मी हात लावत नव्हते. म्हातारपणी अशी कशी वागले, माझं मलाच कळत नाही. भाच्यालाही सांगितलं नाही मी. कुठल्या तोंडाने सांगू?"

शाल्मली त्यांच्यासमोर येऊन बसली. "काकू, ते पेपरातलं मी लिहिलंय," ती म्हणाली. "मला तुमच्याविषयी काहीच माहीत नव्हतं. कुणाविषयीच नव्हतं. मी एकालाही विचारलं नाही. ते खोटं आहे."

वत्सलाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग दिसला असता तर शाल्मलीला सोपे गेले असते.

"तू लिहिलंस होय?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, सगळी चौकशी करून कुणी मोठ्या साहेबांनी लिहिलं असेल."

त्याच दुपारी तिघे रिक्षाने सायबर पोलिसांकडे गेले. तिथल्या अधिकारी बाई समजूतदार होत्या. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, तक्रार नोंदवली आणि मग विचारले, "तेव्हाच का नाही आलात, आजी? पहिल्या दिवशी आला असतात तर पैसे पुढच्या खात्यात अडवता आले असते. आता ते कुठल्या कुठे गेले असतील."

वत्सलाबाईंनी मान खाली घातली. शाल्मलीला वाटले, त्या आपल्याकडे बोट दाखवतील. त्या एवढेच म्हणाल्या, "पाय दुखत होते."

पुण्याला परतल्यावर शाल्मलीने नवे निवेदन लिहिले. बँकेच्या नावाने फसवले गेलेल्या ग्राहकांनी लाजू नये, दोष त्यांचा नाही, त्यांनी त्याच दिवशी पोलिसांकडे जावे, आणि मदत केंद्रावर माणूस मिळत नव्हता ही आमची उणीव आहे, असे त्यात साध्या शब्दांत म्हटले होते. कायदा विभागाने उणिवेचे वाक्य काढले. मग 'दोष त्यांचा नाही' हेही काढले. ती भांडली. एका बैठकीत आवाज चढवला, तेव्हा कुणीतरी म्हणाले, "मॅडम, बातमी विझलेली आहे, तुम्ही कशाला फुंकर घालता?" शेवटी त्याच दिवशी पोलिसांकडे जाण्याचे एक वाक्य तेवढे उरले. ते आतल्या पानावर छापून आले. मदत केंद्रात रोज संध्याकाळपर्यंत चार माणसे बसवायला बँक तयार झाली. तिच्या हाती एवढेच लागले.

वत्सलाबाईंचे पैसे मिळाले नाहीत. शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली. शाल्मली अधूनमधून मिरजेला जाते, सरांना भेटते आणि मग खाली वत्सलाबाईंकडे बसते. बाई चहा करतात, दवाखान्यातल्या जुन्या गोष्टी सांगतात. सकाळचा पेपर पुन्हा नेऊ लागल्या आहेत, पण बँकेचा विषय त्या काढत नाहीत.

मागच्या खेपेला दोघी अशाच बोलत बसल्या असताना बाईंचा फोन वाजला. अनोळखी नंबर होता. बाईंनी फोनकडे पाहिले आणि हात मांडीवरच ठेवला. फोन वाजून बंद झाला, पुन्हा वाजला.

"काकू, मी घेऊ का? कुणी ओळखीचंही असेल."

"नको गं," वत्सलाबाई म्हणाल्या. "आवाज सगळ्यांचेच चांगले असतात."

भाचा होता तो. त्याने नवा नंबर घेतला होता, हे दोन दिवसांनी कळले. त्या क्षणी मात्र शाल्मली फोन थांबेपर्यंत त्यांच्याशेजारी गप्प बसून राहिली. आयुष्यभर शब्दांवर पोट भरलेल्या त्या मुलीला, या घरात आता कुठलेही चांगले वाक्य चालणार नाही, हे उमजले होते.

ज्यांना आपले म्हणणे हजारोंपर्यंत पोहोचवायचे असते, त्यांनी त्या हजारांतल्या एकाचे तरी आधी ऐकून घ्यावे.