आडवा भाला

त्या राज्यात सगळे फक्त समोर बघत. ज्याला जसं ओतलं होतं तसा तो उभा राही, आणि मान वळवायची वेळ कुणावर आली नव्हती. राज्य लाकडाचं होतं. त्यावर हिरवं कापड, पुठ्ठ्याचे डोंगर आणि कायम कोरडी असलेली निळी नदी. शिशाचं सैन्य एरवी कपाटात असे. सुटीच्या दुपारी हात येत आणि ते मैदानात मांडत.

राज्य करणारे हात दोघांचे होते. एकाच्या बोटात नवी अंगठी होती, अजून थोडी सैल. दुसऱ्याचा हात अर्धा वेळ चिवड्यात असे. त्यामुळे त्याचे घोडे तेलाने चकाकत आणि तो त्यालाच वैभव समजे. काठावर सल्ले देणारे आणखीही काही हात होते. त्यांना राज्य नव्हतं, म्हणून मतं फार होती.

अंगठीवाल्या हाताकडे गड राखणाऱ्या भालेकरणींची एक रांग होती. प्रत्येकीच्या पायाखाली चौकोनी पाट आणि पाटाला पाट लावून सगळ्या एका तबकात. डावीकडून थोरली, मधली, धाकटी. ही नावं जागेवरून पडलेली. ओतल्या गेल्या होत्या तिघी एकाच दिवशी. खांद्याला खांदा लावून त्या असंख्य लढाया लढल्या, पण एकीनेही दुसरीचं तोंड पाहिलं नव्हतं. धाकटीच्या उजव्या हाताला एका पाटाची जागा रिकामी होती. शत्रू तिथूनच आत शिरे आणि रांग दर वेळी त्याच बाजूने मोडे.

त्या जागेसाठी नवी आली.

ती वेगळ्या साच्यातली होती. पाट तबकात चपखल बसला, पण इतरांचे भाले सरळ आभाळाकडे आणि हिने मात्र दोन्ही हात लांब करून भाला आडवा धरलेला. टोक रांगेच्या बाहेर, दांडा थेट शेजारणीच्या अंगात.

"आई गं! बरगडीत काय शिरलं हे?" धाकटी ओरडली.

"नवीन आलीय वाटतं," पलीकडून थोरली म्हणाली. "तिला सांग, आपल्यात भाले सरळ धरतात."

"माझा असाच ओतलाय," नवी हळूच म्हणाली.

"सगळ्या आधी असंच म्हणतात," थोरली म्हणाली. याआधी त्या रांगेत कुणीही नव्याने आलं नव्हतं.

नवी कलंडली. हाताने तिला पुन्हा उभं केलं, ती पुन्हा कलंडली.

"कोपरापासून काप की," चिवड्याचा हात म्हणाला. "लांबून कुणाला कळतंय?"

अंगठीवाल्या हाताने पक्कड आणली, पण तेवढ्यात फासे पडले. "डाव झाल्यावर बघतो," असं म्हणून त्याने नवीला काठावर, पक्कडीशेजारी ठेवलं.

"घाबरू नकोस," पक्कड समजूत घालत म्हणाली. "एकदाच कट् होतं. मग छान वाटतं."

"कुणाला?" नवीने विचारलं.

पक्कडीला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

मैदानात चकाकते घोडे डोंगराला वळसा घालून निघाले आणि सरळ रिकाम्या जागेच्या दिशेने आले. अंगठीवाला हात गडबडला. मिळेल ते भोकात भरावं तसं त्याने नवीला उचलून टोकाला उभं केलं. ती तिथेच डुगडुगू लागली.

"धाकट्याबाई," नवी म्हणाली, "जराशा वळता का?"

"वळू? मी?"

"थोडंसंच. घोट्यातून. कोपर उचललंत तर दांडा खालून जाईल."

"आणि माझी ढाल? ती मधल्याबाईंना लागेल."

"लागू दे," मधलीचा आवाज आला. "मी थोरल्यांकडे सरते."

"माझ्याकडे? मग मी कुठे जाऊ, नदीत?" थोरली म्हणाली. टापा अगदी जवळ आल्या होत्या. तिने सुस्कारा सोडला. "बरं, वळते मीही. पण आजच्यापुरतं हं!"

शिसं मऊ असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. धाकटी वळली, तिने कोपर उचललं आणि दांडा खाली नीट बसला. तिची ढाल मधलीच्या ढालीत अडकली. मधली डावीकडे फिरली, थोरली उजवीकडे, दोघींच्या भाल्यांची कैची झाली आणि त्या एकमेकींच्या समोर आल्या.

"अगं," थोरली म्हणाली, "तुला भुवयाच नाहीत!"

"रंगवायच्या राहिल्या असतील. आणि तुमच्या ओठांचा रंग गालापर्यंत गेलाय, थोरल्याबाई."

"केव्हापासून?"

"मला काय ठाऊक! आत्ता बघतेय."

धाकटीला हसू आवरेना. तिच्या हसण्याने सगळं तबक हललं, पण नवी पडली नाही.

घोडे आले आणि भाल्याच्या टोकाशी अडले.

"भिडले!" चिवड्याचा हात म्हणाला.

"कुठे भिडले? पाटाला पाट लागलाय का?"

"भाला मधे येतोय म्हणून!"

"भाला मधे येण्यासाठीच असतो रे."

काठावरचे हात टेप घेऊन धावले. मोजलं, पुन्हा मोजलं, कुणी नियम काढले, कुणी जुनी भांडणं. चहावर साय धरली. शेवटी फाशावर सोपवायचं ठरलं. चिवड्याच्या हाताने फासा फुंकून टाकला. फाशावर एकच ठिपका आला, म्हणजे भिडले नाहीत. घोडे होते तिथेच थांबले.

त्या दुपारी कुणी जिंकलं नाही. कुणालातरी घरी बोलावणं आलं. पण रांग मोडली नव्हती.

बाकीचे हात एकेक करून गेले. अंगठीवाल्याने डाव्या हातात पक्कड घेतली, उजव्या हाताच्या दोन बोटांत नवीचं डोकं धरलं आणि तिला वर ओढलं.

ती आली. दांडा धाकटीच्या कोपराखाली होता, म्हणून धाकटी आली. ढालीत ढाल होती, म्हणून मधली आली. आणि भाल्यांची कैची सुटेना, म्हणून पाय झाडत थोरलीही आली. रिकामं तबक खाली राहिलं आणि सगळी रांग एका चिमटीला लोंबकळत हवेत झुलू लागली.

मग डाव्या हाताने पक्कड खाली ठेवली आणि आपला तळवा हलकेच त्या सगळ्यांच्या पायांखाली धरला.