वजन नसलेली पुरचुंडी

एका राज्यात पोपटांना तीसपर्यंत पाढे पाठ होते, आणि माणसांनाही तेवढेच. तिथे प्रश्न पडण्याआधी उत्तर तयार असे. ते कसे आले, हे विचारण्याची रीत मात्र नव्हती.

त्या राज्याच्या रुद्रसेन राजाने एकदा डोंगराच्या कपारीतली खजिन्याची पेटी उचलून आणली. पेटी होती कालकंठ मांत्रिकाची. तिला तीन कुलपे, आणि वर बसलेली एक साळुंकी. दरबारात सिंहासनावर बसूनच राजाने कुलपाला हात घालताच त्याचे पाय घोट्यापर्यंत दगडाचे झाले.

साळुंकी म्हणाली, "कुलपे तीन, प्रश्न तीन, रोज एक. उत्तर आठ वर्षांच्या आतल्या मुलाने स्वतः शोधावे. जो त्याच्या तोंडात उत्तर घालील तो दगड होईल. तिसऱ्या सूर्यास्ताआधी पेटी उघडली नाही, तर राजा शेंडीपर्यंत दगड."

राजाची मुलगी केतकी सात वर्षांची. तिला पेटीपुढे बसवले.

"एका संख्येत पाच मिळवले, बारा झाले. ती संख्या कोणती?"

केतकीने पाचाचा पाढा म्हटला. मग बाराचा म्हटला. मग पुन्हा पाचाचा. राजगुरूंना राहवेना. ते तिच्या कानाशी वाकले, पहिले अक्षर उच्चारले, आणि वाकल्या जागी दगड झाले.

तेव्हा राजाची धाकटी बहीण शर्वाणी पुढे आली. ती डोंगरापलीकडच्या विद्यापीठात शिकून नुकतीच परतली होती, आणि दरबाराला ते फारसे रुचले नव्हते.

प्रधान म्हणाले, "ताईसाहेब, आपली विद्या राहू द्या. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मग झाकूनच दाखवते," शर्वाणी म्हणाली.

तिने कोळ्याच्या जाळ्याची पुरचुंडी विणली. तिला वजन नव्हते. पाठ फिरवून तिने आत काही चिंचोके बांधले. मुदपाकखान्यातला तराजू मागवला. एका पारड्यात पुरचुंडी आणि पाच चिंचोके ठेवले, दुसऱ्यात बारा. काटा मधोमध उभा राहिला.

साळुंकीने मान वाकडी करून पाहिले. "बंद पुरचुंडी बोलत नाही. चालेल."

"आत्या, आत किती आहेत?"

"ठाऊक नसू दे. जे ठाऊक नाही त्याला भ्यायचं नाही. त्याला नाव द्यायचं आणि कामाला लावायचं."

"मग तिचं नाव ठकी." केतकीने ठकीशेजारचे पाच चिंचोके उचलले. पारडे वर गेले. दुसरीकडचेही पाच उचलले, काटा सरळ झाला. एका बाजूला ठकी एकटी उरली. केतकीने समोरचे चिंचोके मोजले. "सात."

पहिले कुलूप गळून पडले. तरी सूर्यास्ताला राजा कमरेपर्यंत दगड झाला होता.

दुसऱ्या दिवशी साळुंकी म्हणाली, "झाडावर काही रावे. तितकेच आणखी आले, वर तीन आले. एकोणीस झाले. आधी किती होते?"

आता शर्वाणीने दोन सारख्या ठक्या बांधल्या; एका पारड्यात त्या आणि तीन चिंचोके, दुसऱ्यात एकोणीस. केतकीने एकीकडचे तीन चिंचोके काढले आणि काटा कलंडला तशी ती तराजूभोवती फिरू लागली. बराच वेळ फिरली. सिंहासनावरून राजा ओरडत होता, "उत्तर काय? उत्तर सांग."

शर्वाणी मुळातच उतावळी. तिच्या तोंडून "आ..." निघाले. तिने ते अर्ध्यावर गिळले, तरी उजव्या हाताची करंगळी दगड झाली. तिने ओठ दातांखाली धरले. सांगणे सोपे होते. न सांगणे फार जड होते.

"इकडचे काढले म्हणून तिकडचं पारडं रुसलं," केतकी स्वतःशीच म्हणाली. तिकडचेही तीन काढले. सोळा उरले. "दोघी ठक्या सारख्या. मग वाटणी सारखी." तिने दोन ढीग केले. "आठ."

दुसरे कुलूप गळाले. राजा गळ्यापर्यंत दगड झाला. आता त्याला फक्त पाहता आणि बोलता येत होते.

तिसऱ्या दिवशी साळुंकीने तराजू चोचीत धरून उडवून नेला. पेटीतून खुद्द कालकंठाचा आवाज आला. "मी जितकी राज्ये दगड केली, त्यांची तिप्पट कर. मूळची राज्ये आणि वर आठ, एवढी ती तिप्पट भरते. किती राज्ये?"

केतकीने आत्याकडे पाहिले. आत्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले.

मग केतकी जमिनीवर बसली. धुळीत तिने तीन ठक्या काढल्या, मध्ये उभी रेघ मारली, पलीकडे एक ठकी आणि आठ टिंबे. ऊन भिंतीवर चढू लागले. तिने एकीकडची एक ठकी पुसली आणि पलीकडचीही पुसली.

प्रधान पुटपुटले, "आत काय आहे ते ठाऊक नसता काढते कशी?"

"काका, दोन्हीकडे एकच ठकी आहे ना," केतकी मान वर न करता म्हणाली. "आत काहीही असो, सारखंच गेलं."

शर्वाणीच्या डोळ्यांत पाणी आले. हे तिने शिकवले नव्हते.

दोन ठक्या, आठ टिंबे. केतकीने टिंबांमधून रेघ ओढली. "चार राज्ये."

तिसरे कुलूप गळाले. पेटीत सोने नव्हते, चार राज्यांचा अडवलेला श्वास होता. तो वाऱ्यासारखा सुटला. चार राज्यांतले दगड माणसे झाले. राजगुरू कंबर धरून सरळ झाले. कालकंठाचे नाव त्या दिवसापासून कुणाला आठवले नाही. शर्वाणीच्या करंगळीचे नख तेवढे दगडाचेच राहिले. ती ते मिरवीत असे.

राजा सिंहासनावरून उतरला आणि धुळीतल्या रेघांपाशी मांडी घालून बसला. सवयीने त्याचे ओठ हलले, "उत्तर..." पण तो थांबला.

"केतकी," तो म्हणाला, "कसं काढलंस, ते मला शिकवशील?"

"शिकवीन," केतकी म्हणाली. "पण मी सांगणार नाही हं, बाबा. तुम्हीच शोधायचं."

त्या राज्यात आजही मूल शाळेत पहिल्यांदा जाते तेव्हा त्याच्या हाती एक बंद पुरचुंडी देतात. ती कुणी उघडून देत नाही.