घोरपडमावशीच्या मागे

जनावरं बोलायची त्या काळी माळावरचं तळं आटलं, की ऊन चढायच्या आत तीन कोस धावून नदी गाठावी लागे. म्हणून गाढवीणबाईंनी धावमंडळ काढलं. नियम एकच: नव्या सभासदाने महिनाभर सगळ्यात संथ घोरपडमावशीच्या मागे, गप्पा मारत धावायचं; बोलताना धाप लागली, की वेग जास्त झाला समजायचं.

नवा आलेला चितळ नाक मुरडून म्हणाला, “हिच्या मागे? मी?” तो रोज सुसाट सुटायचा, पहिल्या वळणावर धापा टाकायचा आणि मग इतरांना श्वास कसा घ्यावा ते शिकवायचा. गाढवीणबाईंनी असले चार पायांचे पंडित पुष्कळ पाहिले होते.

वैशाखात तळं आटलं. चितळ सगळ्यांच्या पुढे उधळला आणि निम्म्या वाटेत बाभळीखाली आडवा झाला. मागून घोरपडमावशी बोलत बोलत आली.

गाढवीणबाई थांबल्या. “ऊन चढतंय, ऊठ. तुझा महिना आजपासून. मावशीच्या मागे चल. तोंड उघडंच आहे, तर गप्पाही मार.”