तिसऱ्या ताटाचा पहिला घास

एका राज्यात एक राजपुत्र म्हातारा झाला होता. विशाख त्याचे नाव. ही हकीकत कुणी विचारली की तो आधी हात वर करी आणि म्हणे, "माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. ताट काशाचे होते की तांब्याचे, साळुंकी उजव्या खांबावर बसली होती की डाव्या, हे मी शपथेवर सांगणार नाही. माझ्या डोक्यात या गोष्टी दर वर्षी थोड्या जागा बदलतात. घास मात्र तीन होते." मग तो आजूबाजूला पाही, कोण कोण ऐकते आहे याचा अंदाज घेई, आणि तेव्हाच हकीकत पुढे सरके. ती अशी.

त्या राज्याचा राजा मेघदत्त. त्याला तीन मुले. थोरला भूपाल, मधला विशाख आणि धाकटी इरावती. त्या राजघराण्यात जेवणाची एक जुनी रीत होती. भावंडांसाठी एकच ताट वाढले जाई. पहिला घास थोरल्याने घ्यायचा. तो गिळून झाला की दुसऱ्याने, आणि दुसऱ्याचा झाला की तिसऱ्याने. याला थोरल्याचा मान म्हणत. सरदारांच्या बायका आपल्या मुलांना मुद्दाम आणून दाखवीत, "पाहा, मोठ्याचा मान कसा राखतात!"

विशाख लहान असताना एकदा मुदपाकखान्यात गेला. तिथे प्रत्येक पातेल्यातले थोडे थोडे आधी मांजरापुढे ठेवत. मांजर खाई, आचारी त्याच्याकडे टक लावून पाहत, आणि ते मिशा पुसत निघून गेले की पातेले वर पाठवत. विशाखला त्या दिवशी दादाचा मान कळला.

तेव्हापासून तो जेवताना भूपालच्या गळ्याकडे पाही. कंठ खाली जाऊन वर आला की आणखी थोडा थांबे, आणि मगच स्वतःचा घास उचली. असे रोज, दोन्ही वेळा. त्यातून तीन भावंडे तीन तऱ्हेची झाली. भूपाल जड आणि अबोल झाला. कुणी काही सांगितले की आधी तो हो म्हणे, आणि मग काय सांगितले ते विचारी. विशाखला कुणी भेट दिली तर तो ती उलटी करून खालून पाही. आणि इरावतीपुढे ताट येई तेव्हा दोघे भाऊ धडधाकट असत, म्हणून ती हसत जेवे, बोटे चाटी आणि उरलेली शिते खिडकीतल्या साळुंकीला टाकी.

पुढे राजाने एका मोहिमेतून सोन्याचा वाडगा आणला. तो रिकामा ठेवला तरी गरम भाताने भरत असे. वाडगा राजवाड्यात आला आणि दुसऱ्या दिवसापासून राजाच्या तोंडात अन्नाची वाळू होऊ लागली. भात घातला, वाळू. दूध घातले, वाळू. वैद्य आले, मांत्रिक आले, वाळू पाहून परत गेले. राजाचे गाल बसले, मुकुट कानांवर उतरू लागला.

तेव्हा साळुंकी खांबावर येऊन बसली आणि माणसाच्या आवाजात म्हणाली, "वाडगा उल्मुक मांत्रिकाचा आहे. ज्याचा त्याला पोहोचवा. वाटेत तीन दारे लागतील. दर दारी एक ताट वाढलेले असेल. जेवल्याशिवाय दार उघडणार नाही. राजाच्या पोटच्या तिघांनीच जावे."

"तुला हे कुणी सांगितले?" विशाखने विचारले.

"मी पक्षी आहे. मी उडते आणि पाहते."

"आणि यात तुझा काय लाभ?"

"राजा मेला तर ही खिडकी बंद होईल," साळुंकी म्हणाली.

विशाखचे समाधान झाले नाही. पण भूपाल आधीच हो म्हणून बसला होता.

वाडगा घेऊन तिघे निघाले. साळुंकी इरावतीच्या खांद्यावर बसली. वाटेत त्या दोघी हळू आवाजात बोलत, आणि विशाख जवळ गेला की गप्प होत. एकदा त्याने विचारलेच.

"इरा, काय बोलत होतीस?"

"सांगितले तर विश्वास ठेवशील, मधलेदादा?"

"नाही."

"मग कशाला विचारतोस?"

ही काहीतरी लपवते आहे, असे विशाखने मनाशी धरले, आणि तेव्हापासून तो तिच्यामागे राहून चालू लागला.

पहिले दार निवडुंगाचे होते. राखणीला एक घोरपड होती, बैलाएवढी. तिने ताट पुढे केले. ताटात कारल्याची भाजी आणि राळ्याचा भात. "गरम आहे तोवर जेवा," घोरपड म्हणाली. भूपालने पहिला घास घेतला. कारले इतके कडू की त्याचे डोळे पाणावले. विशाखने ते पाणी पाहिले आणि हात आखडता घेतला. तो थांबला. कंठ पाहिला, ओठांचा रंग पाहिला, दादाला दहा पावले चालून दाखवायला लावले. इकडे भात निवून कवडीसारखा कडक झाला.

"अन्न निवले," घोरपड म्हणाली. "आता हे दार एका माणसाच्या अंगाएवढेच उघडेल, तेही मोडून." तेव्हा भूपालने काही न विचारता निवडुंगात खांदा घातला आणि दोघांना वाट करून दिली. पाठीत काटे घेऊन तो शेवटी बाहेर आला. इरावती काटे काढत बसली. विशाख म्हणाला, "सावध राहिलेले बरे असते." भूपाल म्हणाला, "हो." त्याचे तेच.

दुसरे दार धुराचे होते. राखणीला एक भालदार, त्याला मुंडके नव्हते, तरी तो स्पष्ट बोले. ताटात खीर होती. भूपालने पहिला घोट घेतला आणि त्याला ठसका लागला. चेहरा लाल झाला. विशाखने क्षणाचाही विलंब लावला नाही. "विष!" असे ओरडून त्याने ताट पायाने उडवले. खीर धुळीत गेली.

भूपालने खोकून काहीतरी तळहातावर काढले.

"वेलदोडा," तो म्हणाला.

इरावती हसत सुटली. "वेलदोड्याला घाबरलेला राजपुत्र मी पहिल्यांदा पाहिला, मधलेदादा!"

"अन्न सांडले," भालदार म्हणाला. "दंड पडेल."

"मी सांडले. दंड मला करा," विशाख म्हणाला.

"या ताटावरचा मान ज्याचा, दंडही त्याचा."

असे म्हणताच भूपालचा उजवा हात बोटांपासून खांद्यापर्यंत दगड झाला. धूर बाजूला झाला आणि दार उघडले. इरावतीचे हसू ओठांवरच थिजले. भूपालने डाव्या हाताने तो जड हात उचलून पाहिला, ओझे कसे पेलायचे याचा अंदाज घेतल्यासारखा, आणि म्हणाला, "चला. बाबा उपाशी आहेत."

विशाखला उलट रागवायलाही काही मिळाले नाही, कारण दादा रागावलाच नव्हता. भालदाराचा डाव होता, असे त्याने स्वतःला बरेच समजावले. साळुंकीचा असावा, असेही समजावले. पण ताट उडवणारा पाय त्याचाच होता.

तिसरे दार नुसते लाकडाचे होते, घराला असते तसे. आत एक म्हातारा पाटावर बसला होता. त्याच्यापुढे ताट होते आणि ताटाभोवती तीन पाट मांडलेले. हाच उल्मुक मांत्रिक. त्याने वाडगा घेतला, ताटात उपडा केला आणि तूप-भाताचे तीन घास वळून ठेवले.

"बसा," तो म्हणाला. "बसायचे कसे, ते तुम्हाला शिकवलेले आहे."

विशाख बसला नाही. तो उल्मुकाचा चेहरा पाहत होता. तेच नाक, तीच वाकडी करंगळी. राजवाड्यात रोज दिसणारी.

"आपण आमचे कोण?" त्याने विचारले.

"तुझ्या बापाचा थोरला भाऊ. मी पहिला घास खाणारा, तो दुसरा." उल्मुक शांतपणे बोलत होता. "एके दिवशी घासात खरेच विष होते. माझा घसा आवळला. मेघदत्ताने आपला घास परत ताटात ठेवला आणि माझ्याकडे पाहत बसला. ओरडला नाही, उठला नाही. मी निपचित पडेपर्यंत पाहत होता. मला स्मशानात टाकले. एका जोगिणीने मला उठवले आणि विद्या दिली. पुढे तोच माझ्या दारी सैन्य घेऊन आला आणि माझा वाडगा घेऊन गेला."

"त्यांनी तुम्हाला ओळखले नसेल," भूपाल म्हणाला.

"ओळखले. पाहिले आणि मान फिरवली."

विशाखला एकाएकी आपले हात परक्याचे वाटू लागले. आचाऱ्यांचे मांजराकडे लागलेले डोळे त्याला आठवले. मग वाटले, की ते डोळे बाबांचे होते, आणि रोज दोन्ही वेळा ते आपलेही होते. दादाचा घसा आवळला असता तर आपण ओरडलो असतो का? त्याने स्वतःला प्रामाणिकपणे विचारले आणि स्वतःच्या उत्तरावरही त्याचा विश्वास बसला नाही.

"विष कोणत्या घासात आहे?" त्याने विचारले.

"कोणत्याच नाही. जो दुसऱ्याच्या गळ्याकडे पाहून खाईल, त्याच्या तोंडात ते तयार होईल, आणि तो दगड होईल. तिघांनी खाल्ले तर शाप सुटेल. एकानेही नाकारले तर मेघदत्त वाळू खाऊन मरेल. मला त्याच्या पोटचा दुसरा पाहायचा होता. जेवा."

तर घास विशाखसाठी होता. त्या ताटावर तोच एक जण दुसऱ्याच्या गळ्याकडे पाहून खात आला होता. एक पळवाट त्याला लगेच दिसली. आज इरावतीला आपल्याआधी बसवावे, म्हणजे दुसरा घास तिच्यावर जाईल. ती नाही म्हणणार नाही. त्याने तिच्याकडे वळून पाहिले. ती पाटावर बसलीच होती, साळुंकीला कुरवाळत, आणि त्याच्याकडे अशी पाहत होती की जणू त्याच्या मनातले तिला आधीच कळले आहे. तो ओशाळला.

भूपालने डाव्या हाताने घास उचलला. सवयीने विशाखची नजर त्याच्या गळ्याकडे गेली आणि भीतीने वर सरकली. तेव्हा त्याला ते दिसले. इतक्या वर्षांत गळा सोडून त्याने वर पाहिलेच नव्हते. भूपालचे डोळे घट्ट मिटलेले होते.

"दादा, थांब. तू डोळे मिटून खातोस?"

"लहानपणापासून."

"का?"

भूपालने डोळे उघडले नाहीत. "तुझे तोंड दिसू नये म्हणून," तो म्हणाला. "तू वाट पाहत असतोस ना."

विशाख पाटावर बसला.

"मीही मिटतो," तो म्हणाला. "तुझा घास केव्हा खाली जातो ते मला कळायला नको. थोडे जोराने बोल काहीतरी, म्हणजे ऐकूही येणार नाही."

"काय बोलू?"

"काहीही."

तेव्हा भूपाल लहानपणी पाठ केलेली पूर्वजांची नावे मोठ्याने म्हणू लागला. विशाखने डोळे मिटले. अंधार झाला आणि त्यात सगळे संशय एकदम जागे झाले. म्हातारा खोटे बोलत असेल. साळुंकी त्याची असेल. इरा हळूच उठून दाराकडे गेली असेल. पाहावे का, एकदाच? पापणीला जरा फट पडू लागली. त्याने डावा हात डोळ्यांवर दाबला, उजव्या हाताने चाचपडत घास उचलला आणि तोंडात टाकला. भूपालचा आवाज मध्येच थांबला. भात तुपाचा होता, जरा अळणी. विशाखने तो गिळला. कुणाचा गळा न पाहता आयुष्यात गिळलेला तो त्याचा पहिला घास.

तडकल्याचा आवाज झाला. त्याने डोळे उघडले. भूपालच्या हातावरून दगड खपलीसारखा गळत होता आणि खाली लालबुंद कातडी दिसत होती. ताट रिकामे होते. उल्मुक वाडग्याला चिकटलेली शिते बोटाने काढून खात होता.

"कुणासमोर बसून खाल्ल्याला फार वर्षे झाली," तो म्हणाला. "मीठ कमी पडले. इथे आयते मीठ कोण देणार?"

त्याच घटकेला राजवाड्यात मेघदत्ताच्या तोंडातल्या वाळूचा भात झाला. अंगात बळ येताच तो अनवाणी उल्मुकाच्या दारी गेला आणि उंबऱ्यावर उभा राहिला. उल्मुकाने त्याला बराच वेळ उभे ठेवले, मग सरकून पाटावर जागा केली. राज्य त्याने घेतले नाही. पण तो राजवाड्यात राहायला आला, आणि त्याच्या शब्दाने ती रीत मोडली. एका ताटाची तीन ताटे झाली, पातेल्यांना कुलपे लागली, मांजराला दूध मिळू लागले. यथाकाल भूपाल राजा झाला. आता तो हो म्हणण्याआधी विचारी, काय करायचे आहे.

विशाखचा संशय मात्र पुरता गेला नाही. तसा तो कुणाचाच जात नाही.

कित्येक वर्षांनी भूपालच्या मुलाच्या उष्टावणाला सगळे जमले होते. बाळाला पहिला घास कुणी भरवावा यावर बोलणे निघाले, आणि विशाख म्हणाला, "तिसऱ्या ताटाचा पहिला घास दादाचा. ती नावे म्हणता म्हणता मध्येच थांबला होता, तेव्हा."

"मी थांबलो, कारण पुढचे नाव आठवेना," भूपाल म्हणाला. "मी तुझ्यानंतर खाल्ले असेन."

"दोघेही चुकता आहात," इरावती म्हणाली. "तुमचे डोळे मिटत होते तेवढ्यात माझा घास पोटात गेला होता. जन्मात एकदा मी पहिला घास घेतला, आणि नेमके तेव्हाच तुम्ही दोघे आंधळे होऊन बसलात!"

सगळे हसले. विशाख हसला नाही. काका खरेच बोलत आहेत, घासात काही नाही, हे तिला आधीपासून माहीत असणार, असे त्याला वाटले. तो साळुंकीकडे गेला.

"वाटेत ती तुला काय विचारत होती? खरे सांग."

"पहिल्या घासाची चव वेगळी असते का, ते," साळुंकी म्हणाली. "मी म्हटले, मला काय ठाऊक, मी कायम उरलेलेच खाल्ले आहे."

"घासात विष नाही, हे तू तिला वाटेतच सांगितलेस?"

"मलाच ठाऊक नव्हते."

तरी त्याची खात्री होईना. उल्मुक तेव्हा अंथरुणाला खिळला होता. विशाख त्याच्या उशाशी बसला आणि त्याने विचारले, "काका, इरा सोडली तर त्या खोलीत डोळे उघडे असलेला माणूस तुम्हीच होता. पहिला घास कुणाचा?"

उल्मुकाने सांगितले ते असे. पहिला घास इरावतीचा. तीही घाबरलेली होती, आणि खाण्याआधी तिने दोन्ही भावांकडे एकदा पाहिले होते, पण त्यांच्या गळ्याकडे नव्हे.