लटकत्या गाडीचा बोल्ट

"म्हणजे चूक ईश्वरचीच. होय ना, उस्ताद?"

फोनवर सगळं सांगून झालंच होतं; विलास ढोणे गिऱ्हाइकाच्या गाडीतून नीट उतरलाही नव्हता, तोवर विचारून मोकळा झाला. मिरजेत दस्तगीर उस्तादांच्या गॅरेजात तो सात वर्षांनी येत होता. आता त्याचं स्वतःचं वर्कशॉप होतं, आणि तो नाकावर माशी बसू देत नव्हता.

गाडी खड्ड्यात गेली की पुढच्या डाव्या चाकाशी खट्ट वाजायचं. विलासनं लिंक रॉड बदलले, बॉल जॉइंट बदलले, शॉक अब्सॉर्बर नवे टाकले. आवाज जाईना. काल गिऱ्हाईक भडकलं, तेव्हा विलासनं चारचौघांत ईश्वरवर खापर फोडलं आणि त्याला घरी पाठवलं. ईश्वर त्याचा गुरुबंधू, आता त्याच्याच वर्कशॉपात कामाला. दोघंही याच उस्तादांच्या हाताखाली शिकलेले.

"बॉनेट दाब," उस्ताद म्हणाले.

विलास वरून गाडी हलवू लागला. उस्ताद जमिनीवर आडवे झाले, चाकाला धरून ठेवणाऱ्या लोखंडी आर्मवर तळहात ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

"आर्मचं रबरी बुश कवा टाकलं?"

"महिना झाला. नवंकोरं आहे."

"बोल्ट कुणी आवळला?"

"मी स्वतः."

"गाडी जॅकवर असताना?"

विलासनं बॉनेटवरचे हात काढून घेतले.

"लटकत्या गाडीत आवळलास. गाडी खाली आली, तसं रबर पिळलं आणि फाटलं. हेच वाजतंय." उस्तादांनी डोळे उघडले. "तवा ईश्वर काय बोलला न्हाई?"

विलासला सगळं लख्ख आठवत होतं. तेच तर त्याला नको होतं.

"म्हणाला... आधी चाकांवर घे. वजन येऊ दे, मग आवळ."

"मग?"

"गिऱ्हाईक उभं होतं, उस्ताद! त्याच्यासमोर ह्यानं मला शिकवायचं?"

उस्तादांनी पाना उचलला. त्यांनी बोल्ट काढला, आर्म खाली ओढला आणि बुशातून रबराचा तुकडा उपटला.

विलासला शरम वाटली. पण त्याहून जास्त म्हाताऱ्याचा राग आला.

"जाऊ द्या. उद्या बोलावतो त्याला. आपलाच माणूस आहे, झालं गेलं विसरेल..."

उस्तादांनी तो फाटका तुकडा विलासच्या एका हातावर ठेवला. दुसऱ्या हातात पाना दिला.

"घे. हे फाटलेलं आवळून दाखव."